आशाताई नेमक्या कोणाला स्वस्त पडतात?

घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती गावात असली की प्राथमिक आरोग्यसेवा स्वस्तात होते, हे मंत्रालयातल्या बैठकीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खोटंही नाही. पण स्वस्त कोणाला, आणि उरलेले पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे फारसं कोणी विचारत नाही. या कार्यकर्त्या म्हणजे आशा. एकट्या महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तर हजार आहेत आणि त्यांच्यावर देखरेखीला साडेतीन हजारांच्या आसपास गटप्रवर्तक. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा हिशेब ऐकीव माहितीवर सोडणं बरं नाही.

गैरसमज : आशांना सरकारी पगार मिळतो.

नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक या प्रमाणात आशा नेमल्या गेल्या, त्या ‘स्वयंसेविका’ म्हणून. कागदोपत्री त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. त्यांना मिळतो तो कामावर आधारित मोबदला, आणि त्याचे दर एकदा वाचून पाहण्यासारखे आहेत. बाळाचं पहिल्या वर्षातलं सगळं लसीकरण पूर्ण करून घेतलं की शंभर रुपये. साध्या क्षयरोगाच्या रुग्णाचा अख्खा उपचार पार पाडला की हजार. तिशीच्या पुढच्या माणसाला रक्तदाब-मधुमेहाचे प्रश्न विचारून एक फॉर्म भरला की दहा.

नवजात बाळाच्या गृहभेटींचंच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी जाते. बाळ झोळीत घालून काट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर लावते, नाळेला पू आहे का पाहते, बाळ नीट ओढतंय का ते आईला पाजायला सांगून बघते, आणि सासूबाई मध किंवा गुटी चाटवत असतील तर त्यांच्याशी न भांडता ते थांबवते. अशा सहा भेटी पूर्ण झाल्या की मिळतात अडीचशे रुपये. एका भेटीचे बेचाळीससुद्धा होत नाहीत.

त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नऊ महिने नोंदी ठेवल्या, गोळ्या दिल्या, सोनोग्राफीला पाठवलं ते सासरच्या गावातल्या आशाने. बाळंतीण आणि बाळ मात्र दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या आशाच्या यादीत. काम मोजून पैसे देणाऱ्या पद्धतीला माहेर ही गोष्ट नीटशी उमगत नाही.

यावर काही ठरावीक रक्कमही मिळते. नेहमीच्या कामांसाठी केंद्राचे महिना दोन हजार होते, ते २०२५ मध्ये साडेतीन हजार करण्यात आले. राज्य सरकार स्वतःची भर घालतं. २०२४ च्या सुरुवातीच्या संपानंतर त्यात पाच हजारांची वाढ झाली. वाढ चांगलीच आहे, पण तो पगार झाला नाही.

गैरसमज : त्या स्वयंसेविका आहेत, म्हणून योजनेचा खर्च कमी आहे.

खर्च आहे तेवढाच आहे, फक्त तो सरकारच्या वहीत लागत नाही. रात्री कळा सुरू झालेल्या बाईबरोबर दवाखान्यात जाताना परतीच्या रिक्षाचे पैसे, ॲपवर माहिती भरायला मोबाइलचा रिचार्ज, फॉर्मच्या झेरॉक्स, मीटिंगला तालुक्याला जायचं तर एसटीचं तिकीट. यातलं काही मागाहून मिळतं, काही मिळत नाही. आपल्या भाषेत याला पदरमोड म्हणतात. शिवाय त्या दिवशीची शेतातली मजुरी बुडते ती वेगळीच. कोविडच्या काळात घरोघर ऑक्सिजन तपासत फिरण्यासाठी केंद्राचा जादा मोबदला होता महिना हजार रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांना मिळून पुरस्कार दिला, तेव्हा कौतुकाचे फलक मात्र चौकाचौकात लागले.

गैरसमज : गडचिरोलीने दाखवून दिलंय की हे काम नाममात्र पैशांत होतं.

हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांत जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं, अगदी जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्यापर्यंत. तुलनेसाठीच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यात खर्चाचा आकडा होता : दर बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दोनशे रुपये. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. आजच्या गृहभेटींच्या सरकारी कार्यक्रमाचं मूळ याच कामात आहे.

आकडा खरा आहे. त्यातून ‘बाई नेमली की झालं’ असा अर्थ काढणं चूक आहे. त्या गावांत बाईच्या पाठीशी नेटकं प्रशिक्षण होतं, वरचेवर देखरेख होती, औषध संपत नव्हतं आणि झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद कोणीतरी तपासत होतं. यातलं एकेक काढून घ्या आणि खर्च त्याहून कमी करा. मग ६२ टक्क्यांची अपेक्षा ठेवू नका. याच संस्थेचा बालन्यूमोनियावरचा १९९० चा अभ्यासही असाच अर्धवट वाचला जातो. एक मूल वाचवायला २.६४ डॉलर, हा त्यातला आकडा फक्त गोळ्या-औषधाचा आहे. माणसांचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

जामखेडचीही गोष्ट तीच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. लोकांना त्या बायका आठवतात. त्यांचं दर आठवड्याला चालणारं शिक्षण आणि गावोगाव फिरणारं वैद्यकीय पथक हे मात्र विसरलं जातं.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. १९७७ मध्ये केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमले, महिना पन्नास रुपयांवर. नेमलेल्यांत पुरुषच जास्त, देखरेख तोकडी. योजनेची नावं बदलत गेली आणि ती विरून गेली. स्वस्त होती, यात शंका नाही.

गैरसमज : आशांनी चांगलं काम केलं की सरकारचा आरोग्यावरचा खर्च घटतो.

सुरुवातीला तो वाढतो, आणि वाढायलाच हवा. आशाने घरोघर जाऊन फॉर्म भरले, उपकेंद्रावर तपासणी झाली आणि गावात चाळीस जणांना रक्तदाब निघाला, तर त्या चाळीस जणांना रोजची गोळी लागणार, ती जन्मभर. कालपर्यंत या आजाराचा सरकारला एक पैसा खर्च नव्हता, कारण तो कोणाला ठाऊकच नव्हता. गोळ्या उपकेंद्रावर नसतील, तर आशाने शोधलेला रुग्ण औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहतो आणि आशाच्या शब्दाची किंमत गावात कमी होते.

वाचतो तो घरचा पैसा. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. घट मोठी आहे, पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही माणूस स्वतःच मोजतो. प्राथमिक सेवेचा फायदा तोलायचा तर तागडीत हे रुपये घ्यावे लागतात. नुसतं सरकारी अंदाजपत्रक पाहून चालत नाही.

गैरसमज : कामाप्रमाणे पैसे दिले की काम चोख होतं.

ज्याचे पैसे आहेत ते काम होतं, एवढंच. नवऱ्याच्या दारूला कंटाळलेल्या बाईजवळ तासभर बसण्याचा दर कुठल्याच यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की या कार्यकर्त्यांना कामाच्या स्वरूपाला साजेसा मोबदला द्यावा, आणि तो केवळ किंवा मुख्यतः कामाच्या मोजणीवर बेतलेला नसावा. आपली पद्धत वर्षानुवर्षं नेमकी याच्या उलट चालत आली आहे.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात लाडका आक्षेप : नीट पगार द्यायचा तर परवडणार नाही.

पाटीवर करता येईल असं गणित आहे. समजा एका आशाला महिना पंधरा हजार रुपये पक्के दिले. तिच्याकडे हजार माणसं. म्हणजे दर माणशी महिना पंधरा रुपये. गटप्रवर्तक, प्रशिक्षण, किटमधली औषधं, प्रवास यांसाठी तेवढेच आणखी धरा, झाले तीस. वर्षाचे तीनशे साठ. तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरांकडे एकदा जायचं म्हटलं, तर फी, औषधं, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला रोज मिळून याहून जास्तच जातात. पंधरा हजार ही माझी धरलेली रक्कम आहे. वीस धरा, तरी निष्कर्ष बदलत नाही. न परवडण्यासारखं यात काहीच नाही, प्रश्न प्राधान्याचा आहे.

आशाताई डॉक्टरला पर्याय नाही, हे जाता जाता सांगायला हवं. ती डॉक्टरपर्यंत वेळेत पोचवते. पुढे डॉक्टर जागेवर असणं, ही सरकारची जबाबदारी.

गावाने विचारण्यासारखंही काही आहे. गावच्या ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित निधी येतो. पुढच्या ग्रामसभेत तो कशावर खर्च झाला ते विचारा. आशाच्या किटमध्ये आज कोणत्या गोळ्या नाहीत, तिचा मागचा मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत जमा झालाय, हेही विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.