पनेट आणि एका दिवसाची पिल्लं

जीवशास्त्र शिकलेल्या माणसाने पनेटची चौकट एकदा तरी आखलेली असते. वरच्या बाजूला आईकडून येणारी जनुकं, डावीकडे बापाकडून येणारी, आणि घराघरांत संभाव्य अपत्यं. ही चौकट देणारे रेजिनाल्ड पनेट (१८७५–१९६७) आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग कोंबड्यांच्या मागे होते, हे मात्र पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत.

पनेट केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ. आधी सागरी कृमींवर काम केलं, मग विल्यम बेट्सन यांना येऊन मिळाले. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे बेट्सन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांवरून दाखवलं होतं. कोंबडी या कामाला सोयीचीच. अंडं २१ दिवसांत फुटतं, पिल्लं भरपूर मिळतात आणि हौशी लोकांनी जपलेल्या जातींमध्ये तुऱ्यांचे, पिसांचे नाना प्रकार आयते हाती लागतात.

तुऱ्यांचंच पाहा. गुलाबासारख्या तुऱ्याच्या जातीचा मटार तुऱ्याच्या जातीशी संकर केला, तर सगळ्या पिल्लांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा येतो. ती पिल्लं मोठी झाल्यावर आपापसांत जुळवली की ९:३:३:१ या प्रमाणात अक्रोड, गुलाब, मटार आणि साधा एकेरी तुरा दिसतो. एकेरी तुरा ना आईबापांना, ना आजी-आजोबांना! दोन जनुकं मिळून एकच लक्षण ठरवतात, हे इथे उघड झालं.

१९१० मध्ये बेट्सन आणि पनेट यांनी ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केलं. पुढे आनुवंशिकीतज्ज्ञ हॉल्डेन यांच्याबरोबर ते भारतात आलं आणि आज बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघतं. १९१२ मध्ये केंब्रिजमध्ये आनुवंशिकीचं अध्यासन झालं, त्याचे पहिले प्राध्यापक पनेटच. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई पहिल्या महायुद्धात झाली.

ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती. उबवलेल्या पिल्लांत निम्मे नर, आणि अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग शून्य. शिवाय तुरा फुटेपर्यंत नर कोणता, मादी कोणती हे तेव्हा कळत नसे. तोवर दाणा दोघांनाही घालावा लागे. पनेट यांनी सुचवलं, पिल्लाच्या रंगावरूनच ओळखा. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एकच. आईचं झेड फक्त मुलग्यांना जातं, मुलींना ते बापाकडून मिळतं. म्हणून सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडी जुळवली की चंदेरी पिल्लं सगळी नर आणि सोनेरी सगळ्या माद्या निघतात. चंदेरी गुण प्रभावी असल्याने मुलगे चंदेरी होतात. मुलींना तो मिळतच नाही.

यात एक अडचण होती. संकराची ही करामत एकाच पिढीपुरती. दर खेपेला दोन वेगळ्या जाती पाळाव्या लागत. युद्धानंतर पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीझ यांनी पिसांवर पट्टे आणणारं जनुक वापरून तोड काढली. हे जनुकही झेडवरच असतं. नराकडे त्याच्या दोन प्रती, म्हणून पिल्लाची लव फिकी. मादीकडे एक, म्हणून गडद. गोल्डन कॅम्पाइन आणि बार्ड प्लिमथ रॉक यांच्यापासून त्यांनी ‘कॅम्बार’ जात तयार केली. ती शुद्ध पाळली तरी दर पिढीत नर-मादी रंगावरून ओळखू येत. कॅम्बारचं व्यवसायात फारसं बस्तान बसलं नाही. लेगहॉर्नपासून केलेला लेगबार मात्र आजही हौशी लोक पाळतात.

तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यावसायिक संकरांत आजही पहिल्याच दिवशी सोनेरी आणि चंदेरी अशी वाटणी होते. दाण्याची बचत झाली हे खरं, पण नको असलेली नर पिल्लं जन्मताच मारणंही याच हिशेबाने सोपं झालं. पनेट यांचा हेतू लपलेला नव्हता. युद्धकाळात त्यांना तेच हवं होतं. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीने नर पिल्लं मारायला कायद्याने बंदी घातली असून, तिथल्या काही उबवणी केंद्रांत आता अंड्यात असतानाच लिंग तपासलं जातं.