पेशीच्या दाराशी
डीएनएची माळ साखर आणि फॉस्फेट यांच्या कण्यावर उभी असते. तो कणाच बदलला तर? १९९१ मध्ये कोपनहेगनच्या पीटर नील्सन व सहकाऱ्यांनी तिथे प्रथिनांसारखा कणा बसवला आणि 'पीएनए' जन्माला आले. ते डीएनएला घट्ट बिलगते, विकरांना दाद देत नाही. पण पेशीत सहजासहजी शिरत नाही. रोगकारक जनुकाचा संदेश अडवणारे औषध घडवायचे, तर हे दार उघडणे भाग होते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. कृष्णा गणेश यांनी हाच पेच हाती घेतला. कण्यात प्रोलिनचे कडे गुंफून त्यांनी त्याला धन विद्युतभार दिला. १९९८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये ते पुण्याच्या 'आयसर'चे संस्थापक संचालक झाले. मराठवाड्यातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे, जीवशास्त्राचे कित्येक पेच रसायनशास्त्राच्याच टेबलावर सुटतात.