खोली पाहायची तर मे महिन्यात

अकोल्यात किंवा अमरावतीत खोली शोधताय? मग मे महिन्यात, भर दुपारी तीनला जाऊन बघा. जुलैत सगळ्याच खोल्या छान वाटतात. वर टिनपत्रे आहेत की स्लॅब, कूलर बसेल अशी खिडकी आहे का, आणि नळ किती दिवसांआड येतो, एवढं आधी विचारा. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं अप्पर वर्धातून. आणि कूलर टाकीच्या टाकी पितो. पारा ४५च्या पुढे गेला की भिंतीचा रंग कामाला येत नाही, बावा!

पण आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणूनच. ओल्या ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर निव्वळ पंखा होतो. वऱ्हाडाच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या.

परीक्षा संपली की लगेच बॅग भरू नका. थोडे दिवस राहा. संध्याकाळी गिला वडा खा, एखाद्या रविवारी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला जा.

आणि एखाद्या पहाटे गच्चीवरून घरमालक काकूंची हाक येईल, ‘पोट्टेहो, चीक खाले या!’ वाटी घेऊन वर जा. गरम चीक, वर तेल, मीठ. मग कुरडया घालायला हात लावावाच लागेल, आणि चिमण्या हाकलायची ड्यूटीही तुमचीच.