बर्फ, मीठ आणि लातिनीचे पुस्तक

फ्लॉरेन्समधल्या जेलातोच्या अनेक दुकानांत ‘बुओन्तालेंती’ नावाचा एक फिकट पिवळा प्रकार मिळतो. दूध, साय, साखर आणि अंड्याचा बलक यांपलीकडे त्यात कसलाही ठळक स्वाद नसतो. १९७० च्या दशकात शहरातल्या बदियानी या दुकानाने तो रूढ केला. नाव मात्र चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे आहे. बेर्नार्दो बुओन्तालेंती (१५३१–१६०८) हा मेदिची घराण्याचा वास्तुविशारद होता. बर्फ साठवण्याची तळघरे त्याने बांधली हे खरे. जेलातो त्याने शोधले, ही मात्र शहराची हौस.

फ्लॉरेन्सची दुसरी हौस याहून जुनी आणि जास्त लोकप्रिय आहे. १५३३ मध्ये कातेरीना दे मेदिची लग्न होऊन फ्रान्सला गेली, तेव्हा तिने बर्फाचे पदार्थ करणारे आचारीही सोबत नेले, असे सांगतात. नवरी १४ वर्षांची होती आणि तिच्या काळातल्या कागदपत्रांत या आचाऱ्यांचा मागमूस नाही. कथेला बहर आला तो १९ व्या शतकात. एलिझाबेथ डेव्हिड यांच्या ‘हार्वेस्ट ऑफ द कोल्ड मंथ्स’ (१९९४) या ग्रंथाने तिची पुरती उलटतपासणी केली. तरीही पर्यटकांसाठीच्या माहितीत ती टिकून आहे. राजकन्येची गोष्ट खपते, हिशेबाची वही खपत नाही.

खरा प्रश्न तंत्राचा आहे. नुसता बर्फ भोवती ठेवून गोड पाणी गोठत नाही. बर्फात मीठ मिसळले की त्याचा वितळणबिंदू उतरतो, वितळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीममागे हेच तत्त्व आहे. १५५० मध्ये रोममधला वैद्य ब्लास व्हियाफ्रांका सोरा वापरून पेये गार करण्याबद्दल लिहितो. १५८९ मध्ये नेपल्सचा जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता वाइन गोठवण्याची रीत छापतो. दोघांचेही लक्ष पेयावर आहे. चमच्याने खायचा गोठवलेला पदार्थ रुळला तो पुढच्या शतकात.

इथे अंतोनियो लातिनी येतो. १६४२ मध्ये फाब्रियानोजवळच्या कोल्लामातो गावात जन्मलेला हा पोरका मुलगा. चाकरी करता करता तो लिहायला-वाचायला शिकला, रोममध्ये कार्डिनल बार्बेरीनीच्या घरी राबला आणि शेवटी नेपल्समध्ये स्पॅनिश राजवटीतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मेजवान्यांचा कारभारी झाला. ‘लो स्काल्को आल्ला मोदेर्ना’ हे त्याचे पुस्तक १६९२ आणि १६९४ मध्ये दोन खंडांत निघाले. टोमॅटोच्या चटणीची इटलीत छापलेली अगदी सुरुवातीची कृती त्यात असल्यामुळे खाद्येतिहासकार त्याला ओळखतात. सोर्बेत्तोंचे, म्हणजे गोठवलेल्या गोड पदार्थांचे, प्रकरण त्या मानाने उपेक्षित राहिले, आणि तेच जास्त मोलाचे आहे.

नेपल्सचा माणूस सोर्बेत्तो करण्याचे कसब जन्मतःच घेऊन येतो, असे लातिनीचे म्हणणे. म्हणून धंदेवाल्यांच्या पोटावर पाय न आणता तो मोजक्याच कृती देतो: लिंबू, स्ट्रॉबेरी, आंबट चेरी, दालचिनी, चॉकलेट. लिंबाच्या कृतीत तो साखरेबरोबर मिठाचे आणि बर्फाचेही वजन सांगतो. लिहिणारा स्वयंपाकघरात उभा राहिलेला आहे, हे अशा ठिकाणी कळते. या यादीतच दुधाचा सोर्बेत्तो आहे. आधी उकळलेले दूध, पाणी, साखर आणि साखरेत मुरवलेल्या महाळुंगाचे किंवा भोपळ्याचे बारीक तुकडे. साय नाही, अंडे नाही. दुधाच्या गोठवलेल्या पदार्थाच्या युरोपात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या कृतींपैकी ही एक. जेलातोचे कूळ शोधायचेच असेल तर या भोपळ्याच्या तुकड्यांपाशी थांबावे. या माणसाचे नाव एखाद्या प्रकाराला मिळाले असते तर ते अधिक न्यायाचे झाले असते.

नेपल्सला बर्फ येई तो आसपासच्या डोंगरांवरून, विशेषतः फाइतोवरून. हिवाळ्यात खड्ड्यांत दाबून ठेवलेला. पुढे १७७५ मध्ये याच शहरात फिलिप्पो बाल्दिनी या वैद्याने ‘दे सोर्बेत्ती’ लिहून आंबट फळांचे, सुगंधी आणि दुधाचे असे तीन वर्ग पाडले आणि प्रत्येकाचे औषधी गुण गायले. गुणांचा भाग सोडून द्यावा. वर्गवारी मात्र पक्की होती: फळांचे सोर्बेत्तो आणि दुधाचे प्रकार आजही वेगळेच धरतात.

आजचे कारागिरीचे दुकान यंत्रावर चालते. १९२० च्या दशकात बोलोन्याच्या ओतेल्लो कात्ताब्रिगाने मोटारीवर चालणारे जेलातोचे यंत्र बनवले. भांड्याच्या कडेला गोठलेला थर खरवडून पुन्हा पसरण्याची हाताची लकब त्यात उतरवली होती. हे यंत्र सावकाश फिरते, त्यामुळे हवा कमी मिसळते. कारखान्यातल्या आइस्क्रीममध्ये मिश्रणाइतकीच हवा असू शकते. जेलातोत ती साधारण २० ते ३५ टक्के. स्निग्धांशही कमी, साधारण ४ ते ८ टक्के. आइस्क्रीम उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात, तर जेलातो उणे १२ ते १४ अंशांवर वाढतात. म्हणून जीभ बधिर होत नाही आणि स्वाद लगेच कळतो.

काउंटरपाशी पारख सोपी आहे. पिस्ता हिरवागार असेल आणि केळे पिवळेधमक, तर रंग मिसळलेला आहे. खरा पिस्ता मातकट हिरवा, खरे केळे करडे-पांढरे दिसते. काचेआड डोंगरासारखे उंच रचलेले, फळांनी सजवलेले ढीग टाळावेत, कारण ते उभे राहतात ते हवेच्या आणि स्थिरकांच्या जोरावर. जुन्या पद्धतीच्या दुकानांत माल दिसतही नाही. तो ‘पोत्झेत्ती’ म्हणजे झाकणाच्या खोल गोल डब्यांत असतो. अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते, मग ती दाखवून कोन किंवा कप मागायचा.