चितपट केलं तरी फाईट संपत नाही!

मी मूळचा पूर्णेचा. आमच्याकडे जत्रेच्या कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खल्लास. जिंकलेला पैलवान लोकांच्या खांद्यावर, आणि हलगी जोरात. आता तालमीतली पोरं मोबाइलवर यूएफसी बघतात आणि विचारतात, "कुस्ती येते, मग एमएमए जमेल ना?"

त्यासाठी एक फाईट समजून घेऊ. भरत खंडारे, मुंबईचा, कुस्तीतून आलेला. २५ नोव्हेंबर २०१७ ला तो शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून तिथवर पोचलेला हा पहिला फायटर. समोर चीनचा सोंग यादोंग, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. पहिल्याच राउंडमध्ये सोंगने गिलोटिन चोक लावला आणि भरत हरला.

गिलोटिन म्हणजे काय? समोरच्याचं डोकं काखेत धरायचं, हात गळ्याभोवती गुंडाळायचा आणि आवळायचा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की मेंदूचं रक्त कमी होतं, काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून त्याआधीच हाताने थोपटून 'टॅप' करायचं, म्हणजे हार मानायची. (मित्रावर ट्राय करू नका, प्लीज.)

आता मूळ मुद्दा. पैलवान पट काढायला खाली घुसतो, तेव्हा त्याची मान पुढे येते. कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे, म्हणून त्या मानेची काळजी करायची सवयच लागत नाही. एमएमएमध्ये मात्र तीच मान समोरच्याच्या हाती आयती लागते. शिवाय तुम्ही त्याला चितपट केलं तरी तो हरलेला नसतो. पाठीवर पडूनही तो गळा धरू शकतो.

बॉक्सरचंही तसंच. बॉक्सिंगचे मोठे ग्लोव्हज चेहऱ्यासमोर धरले की बरंच झाकलं जातं. एमएमएचे ग्लोव्हज साधारण ४ औंसांचे, त्यांच्या फटीतून ठोसा आत येतो. राउंडही ३ नाही, ५ मिनिटांचा. वर लाथा आणि पट वेगळेच.

मग कुस्ती वाया गेली का? अजिबात नाही. फाईट उभ्याने चालणार की जमिनीवर, हे बऱ्याचदा पैलवानच ठरवतो. ही मोठी ताकद आहे, फक्त एकटी पुरत नाही. २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमर वुशूतून आली. म्हणजे सुरुवात कुठूनही करा, बाकीचं शिकावंच लागतं.

म्हणून भावांनो आणि बहिणींनो, तालीम सोडून शहरातल्या जिमची फी भरण्याआधी तिथल्या कोचला एकच विचारा: "पट काढताना माझा गळा कसा वाचवायचा?" त्याने मॅटवर उतरून दाखवलं, तर थांबा. नुसता सिक्स पॅकचा फोटो दाखवला, तर पुढची गाडी पकडून घरी या.

भेटू पुढच्या भागात!