पिझ्झाची रांग आणि मधुमेहाचे घड्याळ

रोमहून सकाळची वेगवान रेल्वे पकडली की साधारण सव्वा तासात नेपल्स येते. दिवसभर शहर पाहायचे, दुपारी तिथला प्रसिद्ध पिझ्झा खायचा आणि रात्री रोमला परतायचे, असा बेत अनेक पर्यटक आखतात. युरोपच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबेही आता त्यांत असतात. नेपल्सच्या मुख्य स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ‘दा मिकेले’ हे पिझ्झाचे दुकान आहे. कोंडुरो कुटुंबाची ही परंपरा १८७० पासूनची मानली जाते. ‘ईट प्रे लव्ह’ या पुस्तकामुळे आणि त्यावरच्या २०१० सालच्या चित्रपटामुळे हे दुकान जगभर माहीत झाले. दारात नंबराचा कागद घ्यायचा आणि नाव पुकारेपर्यंत रस्त्यावर थांबायचे, ही तिथली रीत. गर्दीच्या वेळी हे थांबणे तासाभराच्याही पुढे जाऊ शकते.

सहलीला निघण्यापूर्वी मधुमेही माणूस डॉक्टरांना विचारतो, ‘पिझ्झा खाल्ला तर चालेल का?’ खरे तर त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘पिझ्झा किती वाजता मिळेल?’

आपल्याकडे मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या अनेकजण घेतात. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण वेळेवर आले तर हे इन्सुलिन कामी येते. जेवण लांबले तर तेच इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढत राहते. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून घेऊन रांगेत उभे राहणाऱ्याला हा धोका अधिक. त्यात सकाळपासूनची पायपीट असतेच, आणि चालताना स्नायूही साखर वापरतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना मात्र ही भीती फारशी नसते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, माणूस चिडचिडा होतो, बोलण्यात गोंधळ होतो. उन्हाळ्यातल्या नेपल्समध्ये ‘ऊन लागले असेल’ म्हणून याकडे सहज दुर्लक्ष होऊ शकते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढे ग्लुकोज लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि ती अजून कमीच असेल तर पुन्हा द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही घालू नये, तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. चॉकलेट किंवा पिझ्झाचा घास हा यावरचा उपाय नव्हे. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

नेमक्या याच गुणामुळे पिझ्झा खाल्ल्यानंतर दुसरी अडचण येते. नेपल्सच्या पिझ्झाची पारंपरिक कृती युरोपीय संघाने २०१० मध्ये नोंदवली. तिच्यानुसार एका पिझ्झासाठी १८० ते २५० ग्रॅम मळलेल्या पिठाचा गोळा घेतात. त्यात साधारण ११५ ते १५५ ग्रॅम पीठ येते, म्हणजे घरच्या चार-पाच पोळ्यांइतके, आणि तेही मैद्यासारखे कोंडा काढलेले. वर चीज आणि ऑलिव्ह तेल. तिथे पिझ्झा वाटून खाण्याऐवजी प्रत्येकाने एक अख्खा घ्यायची पद्धत आहे.

चीज आणि तेलामुळे जठर हळू रिकामे होते. त्यामुळे साखर एकदम चढत नाही, पण बराच वेळ चढती राहते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये हा परिणाम चांगला अभ्यासला गेला आहे. जेवणानंतर दोन तासांनी तपासलेली साखर समाधानकारक दिसते आणि चार-सहा तासांनी, परतीच्या गाडीत किंवा झोपताना, ती बरीच वर गेलेली असते. म्हणून त्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी एकदा साखर पाहावी. वाढलेली दिसली तरी घाबरून मनाने जादा डोस घेऊ नये. पहाटे साखर खूप खाली जाण्याचा धोका असतो.

रक्तदाब असणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. याच कृतीत एक लिटर पाण्याला ५० ते ५५ ग्रॅम मीठ सांगितले आहे. त्यावरून एका पिझ्झाच्या नुसत्या पिठातच सव्वातीन ते पाच ग्रॅम मीठ जाते. चीजमधले मीठ वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाचे दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे.

‘इटलीतला पिझ्झा बाधत नाही’ असेही ऐकू येते. २००३ मध्ये इटालियन संशोधकांना नियमित पिझ्झा खाणाऱ्यांमध्ये अन्ननलिका आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले होते. पण हे पिझ्झामुळेच घडले असे त्यातून सिद्ध होत नाही. भाज्या, फळे, ऑलिव्ह तेल अशा एकूण इटालियन आहाराचाही तो परिणाम असू शकतो, हे त्या संशोधकांनीच नमूद केले होते.

म्हणून पिझ्झा टाळायलाच हवा असे नाही. दुकान उघडण्याच्या सुमारास किंवा दुपारची गर्दी ओसरल्यावर जावे. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन हॉटेलातून निघताना घेऊन टाकू नये. ते नेमके केव्हा घ्यायचे, हे सहलीआधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खिशात ग्लुकोज, मूठभर फुटाणे आणि साखर तपासण्याचे यंत्र ठेवावे. दोघांत एक पिझ्झा घ्यावा. टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनोच्या मारिनारा पिझ्झावर चीज नसते, तो अधिक बरा. सोबत शीतपेय नको, पाणी घ्यावे. जेवणानंतर अर्धा तास रमतगमत चालावे. आणि रांगेत बरोबरचा माणूस अचानक घामाघूम झाला, तर नंबर गेला तरी चालेल, आधी त्याला साखर द्यावी.