गाडी तापली, काटा मात्र मध्यावरच! जुन्या ट्रकचे टेम्परेचर मीटर नेमके चुकते कुठे?

चिपळूणहून चिरा भरलेला जुना ट्रक पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागतो. पहिला-दुसरा गिअर, वेग सायकलइतका, रेडिएटरला समोरून वारा जवळपास नाहीच. टेम्परेचरचा काटा मध्यावर आहे म्हणून चालक निर्धास्त असतो आणि माथा गाठण्याआधीच केबिनखालून वाफ येऊ लागते. गाडी कराडला टोचन लावून आणावी लागते. हेड उघडल्यावर कळते की गास्केट गेले आहे. काटा शेवटपर्यंत हललाच नव्हता.

सातारा-सांगली पट्ट्यात असे जुने ट्रक अजून पुष्कळ आहेत. पुण्याहून परतताना खंबाटकीचा चढ, कोकणातून येताना कुंभार्ली, आणि हंगामात रेठरे, साखराळे, सांगलीच्या कारखान्यांकडे उसाच्या खेपा. इंजिन दणकट असते, पण वायरिंग वीस-पंचवीस वर्षांचे. टेम्परेचर मीटर बिघडले की बहुतेक ठिकाणी सेन्सर बदलला जातो. दोष मात्र अनेकदा वायरमध्ये किंवा अर्थमध्ये असतो.

काटा हलतो कसा?

इंजिनमध्ये पाणी फिरते त्या जागी पितळेचा एक छोटा नट बसवलेला असतो. मिस्त्री त्याला सेन्सर किंवा सेंडर म्हणतात. त्याच्या आत असा पदार्थ असतो, की तो तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. चावी फिरवली की करंट मीटरमधून एका वायरने सेंडरपर्यंत येतो, तिथून इंजिनच्या ब्लॉकमध्ये उतरतो आणि बॉडी अर्थमार्गे बॅटरीकडे परततो. विरोध कमी झाला की करंट वाढतो आणि काटा वर चढतो.

म्हणजे परतीच्या वाटेला वायर नाही, इंजिनचे लोखंडच वायरचे काम करते. सगळी गोम इथेच आहे.

सेंडरची वायर तुटली तर काटा थंडवर पडून राहतो. वायरचे आवरण वितळून ती बॉडीला टेकली तर काटा सरळ लालमध्ये जातो. हे दोन्ही दोष बरे म्हणायचे, कारण ते दिसतात. धोका तिसऱ्यात आहे: गंजलेला जोड.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका मापाच्या सेंडरचे उदाहरण घ्या. ४० अंशांना त्याचा विरोध सुमारे २९० ओहम असतो, १०० अंशांना ३८ आणि १२० अंशांना अवघा २२. आता इंजिन आणि चासी यांच्यातल्या अर्थच्या पट्टीवर गंज चढून १० ओहमची भर पडली असे समजा. थंड गाडीत २९० चे ३०० झाले, काट्यात फरक दिसणारही नाही. पण इंजिन १२० ला पोहोचले की मीटरला २२ ऐवजी ३२ ओहम दिसतात आणि काटा १०५ च्या आसपास थांबतो. म्हणजे गॅरेजच्या दारात बरोबर वाटणारे मीटर घाटात १५ अंशांनी खोटे बोलते, तेही नेमके गरज असते तेव्हा.

नव्याने वायरिंग करताना

पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढण्याचे. दुसरे काम अर्थचे, नव्या सेंडरचे नाही. इंजिन ब्लॉकपासून चासीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी टाकायची. दोन्ही टोकांना रंग आणि गंज घासून लोखंड चमकवायचे, नट आवळून वर ग्रीस लावायचे. मीटरच्या मागची अर्थही अशीच तपासायची. हेडलाइट लावल्यावर टेम्परेचरचा काटा हलत असेल, तर संशयित हीच अर्थ.

मग सेंडरची वायर. जुन्या वायरला मधेच पीळ देऊन टेप गुंडाळण्याची सवय इथे नडते. तेल आणि उष्णता लागली की टेप सुटते. मीटरपासून सेंडरपर्यंत अखंड वायर, टोकाला दाबून बसवलेला लग आणि वरून उष्णता सोसणारी स्लीव्ह हवी. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून वायर लांब ठेवून क्लिपांनी बांधायची. मीटरचा सप्लाय चावीनंतरचा आणि फ्यूजमधून घ्यायचा.

सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर देऊ नयेत. गळती थांबते, पण टेप वीज वाहू देत नाही आणि तिथेच अर्थ कमकुवत होऊ शकते. आणि सेंडर मीटरला जुळणाराच हवा. आटे जुळले म्हणजे ओहम जुळले असे नाही. १२ आणि २४ व्होल्टची अदलाबदलही चालत नाही.

काही जुन्या गाड्यांत डिझेल आणि टेम्परेचर अशा दोन्ही मीटरना एकाच छोट्या स्टॅबिलायझरमधून करंट मिळतो. दोन्ही काटे एकाच दिवशी वेड्यासारखे वागू लागले तर दोन सेंडर शोधत बसू नका, आधी तो बघा.

तपासणीला उकळते पाणी पुरे

काम झाल्यावर सेंडर इंजिनबाहेर ठेवून त्याची वायर जोडायची, पितळी अंगाला दुसऱ्या वायरने इंजिनची अर्थ द्यायची आणि फक्त खालचे टोक उकळत्या पाण्यात धरायचे. समुद्रसपाटीपासून उंच असल्याने साताऱ्यात पाणी साधारण ९७-९८ अंशांनाच उकळते, सांगलीत किंचित जास्त. काटा जिथे थांबेल तिथे मीटरच्या काचेवर ऑइल पेंटचा बारीक ठिपका द्यायचा. आकडे नसलेल्या मीटरवर हा ठिपका फार कामाचा.

अर्थात नवे वायरिंगही एका ठिकाणी फसते. होज फुटून पाणी निघून गेले तर सेंडर वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन भाजत असतानाच काटा खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक उतरला तर हायसे वाटून घेण्याऐवजी गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आत दाब असतो आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. म्हणूनच काही मालक ठरावीक तापमानाला वाजणारा बजर स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र वायर टाकून बसवतात.

हे सगळे एका वायरच्या जुन्या सेंडरसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकमध्ये सेन्सरची माहिती आधी ईसीयूकडे जाते आणि तिथून मीटरवर येते. वायर बॉडीला टेकवून काटा बघण्याची जुनी युक्ती तिथे केली, तर ईसीयूचे नुकसान होऊ शकते. तिथे स्कॅनर लावूनच दोष शोधावा लागतो.